बाळ येण्याआधी काय काय ठरवावं लागतं: आमचे नऊ महिने, तारखा आणि खर्चासकट

आमच्या मुलीचा जन्म १० जानेवारी २०२५ चा, नाशिकचा. त्याआधीच्या महिन्यांत काय खावं, कुठल्या कुशीवर झोपावं याचे सल्ले भरपूर मिळाले. पण अमुक आठवड्यात अमुक गोष्ट ठरवावी लागेल, त्यासाठी इतकेच दिवस हाताशी असतील आणि इतके पैसे लागतील, हे एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. वहिनीला फोन, मैत्रिणींना फोन, डॉक्टर मॅडमना प्रश्न, असं करत आम्ही माहिती गोळा केली. आता जवळच्या दोन मैत्रिणींना दिवस गेलेत. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, आणि खर्चाचे आकडे आमच्या वेळचे आहेत. तुमच्या गावात कमीजास्त असतील.

आम्ही दोघंही खासगी कंपन्यांत नोकरी करतो. माझं माहेर चाळीसगावचं, सासर सिन्नरचं. हे आधी सांगते कारण पुढे सगळ्यात अवघड निर्णय त्यावरूनच आला.

डॉक्टर आणि हॉस्पिटल

मे २०२४ च्या मध्यावर घरी चाचणी केली. महिनाअखेरीला मॅडमकडे गेलो तेव्हा सातवा आठवडा लागला होता. सोनोग्राफीत ठोके दिसले आणि १५ जानेवारी ही तारीख मिळाली. प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी ओळखपत्र आणि सही लागते. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली 'एफ फॉर्म' भरून घेतात. आधीची मुलं किती, सोनोग्राफी कशासाठी, हे सगळं त्यात असतं. आधारच्या झेरॉक्स फाइलमध्येच ठेवून द्या.

पहिल्याच रक्ततपासणीत माझा रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला. नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. मॅडमनी शांतपणे समजावलं: बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याचं रक्त माझ्या रक्तात मिसळलं, तर माझं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. या खेपेला सहसा अडचण येत नाही, पुढच्या बाळाला येऊ शकते. त्यासाठी अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल पुढे लिहिते. त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं ते एवढंच की आपल्याकडे निगेटिव्ह रक्ताची माणसं शंभरात जेमतेम पाच-सहा असतात. रक्तस्राव झाला तर रक्त कुठून येणार, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक निर्णयात आमच्या सोबत राहिला.

जूनभर हॉस्पिटलं पाहिली. मॅडम प्रसूतीसाठी दोन ठिकाणी जात होत्या, त्यामुळे निवड त्यातच करायची होती. तरी तुलनेसाठी आम्ही आणखी एक-दोन बघून आलो. खोली कशी आहे, टीव्ही आहे का, हे कुणीही हौसेनं दाखवतं. आम्ही विचारत होतो ते वेगळं. रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? बाळाला पेटीत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे की दुसरीकडे हलवावं लागेल? हलवायचं तर कुठे, आणि आई कुठे राहणार? रक्त कोणत्या रक्तपेढीतून येतं? लेबर रूममध्ये नवरा किंवा आई थांबू शकते का? एका ठिकाणी दरपत्रक मागितलं तर 'ते अॅडमिट झाल्यावर बघू' असं उत्तर आलं. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य दर दर्शनी भागात लावायचे असतात, त्यामुळे मागायला संकोच वाटू देऊ नका. ते नाव आम्ही यादीतून काढलं.

शेवटी निवडलेल्या ठिकाणी नॉर्मलचं पॅकेज ४५ हजार आणि सिझेरियनचं ७८ हजार होतं. पॅकेजमध्ये काय नाही, हे लिहून घ्या. आमच्याकडे बालरोगतज्ज्ञांची फी, औषधं, वेदनारहित प्रसूतीसाठीची भूल आणि बाळाच्या पेटीचा खर्च वेगळा होता.

सरकारी रुग्णालयाचाही आम्ही गांभीर्यानं विचार केला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंचं सिझेरियन सिव्हिलमध्ये झालं होतं आणि त्यांना खर्च असा आलाच नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि तिथलं जेवण मोफत आहे. आमच्या हाताशी नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता आणि मॅडमवर माझा विश्वास बसला होता, म्हणून आम्ही खासगीत राहिलो. विम्याबद्दल एवढंच सांगते की स्वतः काढलेल्या पॉलिसीत प्रसूतीला बहुधा काही वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणजे तो निर्णय दिवस राहण्याच्या कितीतरी आधीचा. कंपनीच्या गटविम्यात ती अट बऱ्याचदा नसते, पण मर्यादा असते. आमची नॉर्मलला ५० हजार आणि सिझेरियनला ७५ हजार होती.

६४० मध्ये एक

३ जुलैला, बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (तिच्या जोडीची रक्ततपासणी). हे ११ ते १४ आठवड्यांच्या मधल्या खिडकीतच होतं; ती गेली की गेली. स्कॅनचे दोन हजार, रक्ततपासणीचे अडीच हजार.

काळोख्या खोलीत पोटावर गार जेल लावून सोनोग्राफीचे डॉक्टर बराच वेळ काही न बोलता बघत होते. बाळ हवं तसं वळत नव्हतं. 'जरा बाहेर फिरून या, काहीतरी गोड खा,' म्हणाले. मी बाहेरच्या टपरीवरून चिक्की आणून खाल्ली, जिना खालीवर केला आणि पुन्हा आडवी झाले. या वेळी बाळानं पाठ खाली केली. मानेमागच्या त्या पातळ काळ्या पट्टीच्या दोन बाजूंना त्यांनी दोन छोट्या फुल्या ठेवल्या आणि आकडा आला: १.४ मिलिमीटर. 'छान आहे,' म्हणाले. मला तेव्हा कुठे श्वास सोडल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी रक्ताचा आणि स्कॅनचा एकत्रित अहवाल आला. डाउन सिंड्रोमची (गुणसूत्रांतल्या जन्मजात दोषाची) शक्यता ६४० मध्ये एक. लॅबची रेषा २५० मध्ये एकला होती, म्हणून अहवालावर 'कमी जोखीम' असंच छापलेलं होतं. मॅडमनी मात्र तो हातात घेऊन सांगितलं की हा आकडा मधल्या पट्ट्यातला आहे. थांबून पाचव्या महिन्याच्या स्कॅनची वाट बघता येईल, किंवा एनआयपीटी ही आणखी एक रक्ततपासणी करता येईल. निर्णय तुमचा, पण आठवड्याभरात सांगा.

तपासणीच्या आधीच मॅडमनी आम्हाला एक प्रश्न विचारून ठेवला होता: अहवाल नको तसा आला तर तुम्ही काय कराल? तेव्हा तो कठोर वाटला होता. आता मला वाटतं, डबल मार्करचा कागद हातात येण्याआधी प्रत्येक जोडप्याला तो विचारला गेलाच पाहिजे.

एनआयपीटीत आईच्या रक्तात फिरणारे वारेच्या (प्लासेंटाच्या) डीएनएचे तुकडे तपासतात. दहाव्या आठवड्यानंतर कधीही होते, बाळाला धोका नाही. पण तीही चाळणीच आहे, निदान नव्हे. ती वाईट आली तर खात्रीसाठी साधारण सोळाव्या आठवड्यानंतर सुईनं गर्भजल काढून तपासावं लागतं, आणि त्यात गर्भपाताची थोडी जोखीम असते. बाळाचं लिंग या अहवालात देत नाहीत. कायद्यानं देताच येत नाही. खर्च आम्हाला १६ हजार आला.

मला ती करायची नव्हती. शक्यता ६४० मध्ये एक म्हणजे ६३९ वेळा सगळं ठीक, असं मी म्हणत होते. नवरा म्हणाला, 'तुला तसं दिसतं, मला रोज रात्री तो एकच दिसेल.' जेवणं झाल्यावर आम्ही कागदावर तारखा मांडल्या. एनआयपीटीचा अहवाल जुलैअखेर. गर्भजल तपासावं लागलंच तर ऑगस्टचा पहिला आठवडा, आणि त्याचा पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे, म्हणजे एकोणीस-वीस आठवडे होणार. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती आहे: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं, आणि चोवीसनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं. तो कागद समोर ठेवल्यावर मला कळलं की वाट बघणं हाही एक निर्णयच आहे आणि त्यालाही किंमत आहे. दुसऱ्या दिवशी रक्त देऊन आले.

अहवाल वाईट आला तर काय करायचं, हे आम्ही ठरवलं होतं. ते काय ठरलं होतं ते आमच्या दोघांतच ठेवते. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं आणि तेही तितकंच बरोबर असेल. घरी कुणाला सांगायचं, हेही आधी ठरवा. आम्ही अहवाल येईपर्यंत दोन्हीकडच्या आईवडिलांना काही सांगितलं नाही. त्यांची काळजी सांभाळायचं बळ आमच्यात तेव्हा नव्हतं. २४ जुलैला 'कमी जोखीम' आली आणि मग आईला आणि सासूबाईंना फोन केले.

माहेर की नाशिक

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आईनं जूनमध्येच डिंक, खारीक, बाळंतशेपा यांची यादी केली होती. बाबांनी मागच्या खोलीला रंग दिला होता, खिडकीला जाळी बसवली होती. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मला घेऊन जायचं.

२१ ऑगस्टला एकोणीस आठवडे झाले तेव्हा मोठा स्कॅन झाला. हृदयाचे चार कप्पे, मणका, ओठ, मूत्रपिंडं, सगळं नीट. शेवटच्या ओळीत होतं की वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडापासून १.४ सेंटिमीटरवर. दोन सेंटिमीटरच्या आत असली की तिला खालची वार म्हणतात. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे वाढतो तसं हे अंतर बहुतेक बायकांमध्ये वाढतं, म्हणून बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघायचं. तोवर जड उचलायचं नाही, शरीरसंबंध टाळायचे, लांबचा प्रवास शक्यतो नको, आणि थोडंही अंगावर लाल दिसलं तर लगेच हॉस्पिटल.

वार खाली आणि रक्तगट ओ निगेटिव्ह. नाशिकरोड ते चाळीसगाव रेल्वेनं अडीच तास. चाळीसगावात चांगले डॉक्टर आहेत, माझी वहिनी तिथेच बाळंत झाली. पण मध्यरात्री ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या लागल्या तर धुळं किंवा जळगाव गाठावं लागण्याची शक्यता होती. नवऱ्यानं ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही जिल्ह्यांतला साठा आठवडाभर रोज पाहिला. निगेटिव्ह रक्ताचे आकडे सगळीकडेच कमी होते, पण नाशिकमध्ये रक्तपेढ्या जास्त होत्या.

गणपतीत, ७ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी, आईबाबा नाशिकला आले तेव्हा बोललो. मी फोनवर हे सांगू शकले नसते. आई आधी काही बोललीच नाही, आरतीचं ताट घासत राहिली. मग म्हणाली, 'लोक काय म्हणतील ते राहू दे, पण तुझं करायला मला मिळणार नाही का?' तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, 'विहीणबाई, तुम्ही इकडे या ना. पहिला महिना तुमचा, मग मी येते.' त्या एका वाक्यानं पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या. तरी आम्ही तपशील तिथेच ठरवून घेतले: आई डिसेंबरमध्ये येईल, कोणती खोली कुणाची, स्वयंपाकाला बाई लावायची, बाबा शनिवार-रविवार येतील. बाळाला न्हाऊ घालायला मालिशवाली लावायची की नाही, धुरी द्यायची का, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायचं का, हेही तेव्हाच बोललो. धुरी आणि काजळ नको, मालिश चालेल, असं बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरलं. असे विषय बाळ आल्यावर, अंगात झोप नसताना निघाले की शब्दाला शब्द लागतो.

डोहाळजेवण दिवाळीनंतर नाशिकलाच झालं. चाळीसगावहून मावशी, मामी, शेजारच्या काकू सगळ्या गाडी करून आल्या.

रजा, पैसे, आणि एक 'नाही'

ऑक्टोबरमध्ये ऑफिसात लेखी कळवलं. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा होती, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येत. तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. आमच्या एचआरचं पहिलं उत्तर होतं की आठ आठवडे आधी घ्यावेच लागतील. 'जास्तीत जास्त' आणि 'घ्यावेच' यात फरक आहे, असं मी कलमासकट ईमेलवर लिहिलं. आठवड्यानं 'बरोबर आहे' असं उत्तर आलं. मी २० डिसेंबरपासून रजा घेतली, म्हणजे बाळासोबतचे आठवडे वाढले. फक्त तोंडी बोलू नका, ईमेलच करा. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जाते, त्यांना हे पैसे ईएसआयसीकडून मिळतात, त्याचा अर्ज वेगळा.

वडिलांच्या रजेचं मात्र दुःख आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, खासगीत कायद्यानं काहीच नाही. नवऱ्याच्या कंपनीनं पाच दिवस दिले. त्यानं वर्षभर साठवलेल्या रजा त्याला जोडल्या. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी तिसऱ्या महिन्यापासून रजा राखायला सुरुवात करा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मी बसत नव्हते, कारण पगारी प्रसूती रजा मिळत होती. वहिनीला मात्र पहिल्या वेळचे ५,००० दोन हप्त्यांत मिळाले आणि दुसरी मुलगी झाल्यावर ६,००० मिळाले. आशाताईंकडून नोंदणी करून घ्या, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते आधी बघा; वहिनीचा पहिला हप्ता त्यावरच अडकला होता.

याच सुमारास हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये एक प्रतिनिधी भेटला. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवायचं, साठ हजार, हप्ते करून देतो. गरोदर बाईला 'तुमच्या बाळाच्या आयुष्याचा विमा' असं म्हटलं की तिला नाही म्हणणं किती जड जातं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. आम्ही घरी येऊन वाचलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघांनीही खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही; घरात आधीच असा आजार असेल की ज्यावर या पेशींचा उपयोग होतो, तर गोष्ट वेगळी. आम्ही नाही म्हणालो. उलट मॅडमना विचारून फाइलमध्ये लिहून घेतलं की बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबावं. ते रक्त बाळालाच मिळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दिवाळीच्या आधी, अठ्ठावीस आठवड्यांना, आधी प्रतिपिंडांची तपासणी (ती निगेटिव्ह आली) आणि मग अँटी-डी. साधारण २,६०० रुपये. सगळ्या मेडिकलमध्ये ते तयार नसतं, दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. त्याच आठवड्यात साखरेची तपासणीही झाली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी. ती ठीक आली.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. रांगेतल्या लोकांनी मला पुढे जाऊ दिलं. दोन दिवसांनी स्कॅन. वार ३.६ सेंटिमीटरवर गेली होती. ऑगस्टपासून मी रोज स्वच्छतागृहात गेल्यावर आधी कपडा बघत होते. त्या दिवसापासून बघणं कमी झालं, थांबलं नाही.

शेवटचे आठवडे

डिसेंबरमध्ये मॅडमसोबत एक भेट फक्त प्रसूतीबद्दल बोलायला घेतली. एका पानावर लिहिलं: शक्यतो नॉर्मल, सहन झालं नाही तर भूल घेणार, नवरा लेबर रूममध्ये थांबणार, बाळाला पहिल्या तासात अंगावर, चीक द्यायचाच, मध किंवा गुटी नको. सिझेरियन कोणत्या कारणांनी करावं लागतं, हेही विचारलं. आणि आणीबाणीत मॅडमनी 'आता करायला हवं' म्हटलं तर दुसरं मत शोधत वेळ घालवायचा नाही, हे आम्ही दोघांनी आपसात पक्कं केलं. संमतीची सही माझी असेल, हे नवऱ्यानं दोन्ही घरी सांगून ठेवलं.

विम्याची पूर्वमंजुरी छत्तिसाव्या आठवड्यातच टाकली. ओ निगेटिव्ह रक्तदाते म्हणून नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं आणि माझा एक आतेभाऊ, असे तिघं तयार ठेवले आणि त्यांचे नंबर फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवले. रक्तपेढीलाही तारीख कळवून ठेवली.

९ जानेवारीच्या रात्री पाणी गेलं. पहाटे दाखल झालो. दुपारपर्यंत कळा चांगल्या होत्या, मध्ये भूलही घेतली (त्याचे ८ हजार). मग मॉनिटरवर प्रत्येक कळेबरोबर बाळाचे ठोके खाली जायला लागले आणि वर यायला उशीर करू लागले. मॅडम दोन-तीन कळा बघत उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, 'आता थांबायला नको.' सिस्टरनं क्लिपबोर्ड धरला, सलाइनचा हात जड होता, तरी सही केली. नवऱ्यानं फक्त मान हलवली. हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत झालं. मला नॉर्मल हवं होतं आणि ते झालं नाही याचं नंतर काही दिवस वाईट वाटत राहिलं. पण त्या क्षणी मनात गोंधळ नव्हता.

तीन चाळीसला मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. ती लगेच रडली, म्हणून नाळ कापायला एक मिनिट थांबले. भूलतज्ज्ञ मोठ्यानं सेकंद मोजत होते. शस्त्रक्रियेच्या खोलीत नवऱ्याला सोडलं नाही, पण सिस्टरनं तिला माझ्या गालाला आणून टेकवलं. तासाभरात तिला अंगावर घेतलं. टाके असताना कुशीवर कसं पाजायचं ते सिस्टरनं दाखवलं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये हे शिकवणारं कुणी आहे का, तेही आधीच विचारा. आमच्याकडे रात्रपाळीला तसं कुणी नव्हतं आणि ती पहिली रात्र कठीण गेली.

नाळेच्या रक्तावरून तिचा गट बी पॉझिटिव्ह निघाला, म्हणून दुसऱ्या दिवशी मला अँटी-डीचा दुसरा डोस. तो ७२ तासांच्या आत व्हायला हवा. सिस्टर विसरणार नव्हत्या, तरी नवऱ्यानं मोबाइलवर गजर लावला होता. बाळाला क जीवनसत्त्व नव्हे तर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, ते आणि हिपॅटायटिस बीची लस पहिल्या दिवशीच. बीसीजी आणि पोलिओ घरी सोडण्याआधी. रक्त चढवावं लागलं नाही. तिन्ही दात्यांना नवऱ्यानं स्वतः फोन करून सांगितलं.

१४ जानेवारीला, संक्रांतीला घरी आलो. विम्याची अंतिम मंजुरी यायला सकाळपासून संध्याकाळ झाली, त्या दिवशी जेवणाचा डबा आणि बाळाचे जास्तीचे लंगोट जवळ असू द्या. एकूण बिल १ लाख ८ हजार. विम्यातून ७५ हजार, उरलेले ३३ हजार आम्ही भरले.

दाखला

जन्माची नोंद हॉस्पिटलनं महापालिकेकडे पाठवली. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. तोपर्यंत नाव ठरलं नसेल तरी चालतं, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण दाखला लागणाऱ्या जागा फार आहेत. विम्यात बाळाचं नाव घालायलाही तोच मागितला, म्हणून आम्ही बारशाला बाराव्या दिवशी नाव ठेवलं आणि लगेच कळवलं. १ मे २०२४ किंवा नंतर जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहायची आहेत. इंग्रजी स्पेलिंग तुमच्या आणि नवऱ्याच्या आधारवर आहे तेच द्या, आणि छापण्याआधी मसुदा बघायला मागा. आमच्या मसुद्यात माझ्या नावात एक अक्षर कमी होतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त झालं. फेब्रुवारीत दाखला हातात आला, मार्चमध्ये बाल आधार केलं. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो.

आई फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहिली, ठरल्यापेक्षा थोडी जास्तच. मग सासूबाई आल्या. माझी रजा १९ जूनला संपते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते, पण माझ्या ऑफिसात तेवढी माणसं नाहीत. जुलैअखेरपर्यंत सासूबाई थांबणार आहेत. गंगापूर रोडवरची दोन पाळणाघरं बघून झाली, तिसरं पुढच्या आठवड्यात बघायचं आहे.